चुसणीच्या बदल्यात बादली

माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळं ऱ्हस्व कुठं नि दीर्घ कुठं हे मला अजून कळत नाही, आणि लिहिता लिहिता ओळ खाली घसरत जाते. ही वही चुकून कुणाच्या हाती लागली तर त्यानं माझ्या चुका पोटात घालाव्यात. मी ती कुणाला दाखवायला लिहीत नाही. भाकऱ्या झाल्या की दुपारी घरात फार शांत असतं. हात रिकामे राहतात, म्हणून लिहायला बसते.

नांदेडला आमच्या दोन खोल्या आहेत. माझे मालक मिस्त्री होते. त्यांनी दुसऱ्यांची कामं करता करता, उरलेल्या विटा नि सिमेंट आणून या खोल्या बांधल्या. ते गेल्यापासून मी एका खानावळीसाठी ज्वारीच्या भाकऱ्या करते. खानावळीचा माणूस सकाळी पीठ ठेवून जातो आणि दुपारी भाकऱ्यांचा डबा उचलून नेतो. "झाल्या का मावशी?" एवढं तो विचारतो. मी मान हलवते. पुष्कळ दिवस असे गेले की तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं, आणि तेही मानेनं.

मी पहिल्यापासून अशीच. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझे कान तापतात. रविवारी विहारात जाते, पण मागं भिंतीला टेकून बसते. वंदना मात्र मोठ्यानं म्हणते, कारण सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज वेगळा ऐकू येत नाही. मालकांना माझ्या गप्प राहण्याची सवय झाली होती. ते म्हणायचे, "बरं हाय, घरात रेडू लागत न्हाई आन बंदही करावं लागत न्हाई." हे बोलून स्वतःच हसायचे. आता रेडिओला कुणी रेडू म्हणणारं घरात राहिलं नाही.

एकच लेक. लातूरला दिलेली, तिथंच एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. जावई कंपनीच्या मालट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोन-तीनदा घरी येतात. बाळाला विहीणबाई सांभाळायच्या. त्या न्हाणीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. आता त्यांनाच सांभाळायला माणूस लागायला लागलं, मग बाळाला कोण बघणार? दिवाळी झाल्यावर लेक त्याला कडेवर घेऊन एसटीनं नांदेडला आली.

बाळाच्या तोंडात चुसणी होती. मेडिकलवर मिळते ती रबराची, पुढं निळी चकती असलेली. तान्ह्या लेकराच्या तोंडात मी ती बघितली होती, पण हा अडीच वर्षांचा. चालतो, पळतो, जिना चढतो, आणि तोंडात चुसणी. तो तिला निनी म्हणायचा. खरं तर त्याला तेवढा एकच शब्द येत होता.

लेकीनं पिशवीतून त्याचे कपडे काढले. खाली एका डब्यात आणखी चुसण्या होत्या.

"माय, याची ही सवय मोड गं," ती म्हणाली. "जूनला शाळेत घालायचंय. शाळेतल्या बाईनं तोंडावर सांगितलं, चुसणीवालं लेकरू आम्ही घेणार न्हाई. आणि हा बोलत पण न्हाई. पाणी पाहिजे तरी बोट दाखवतो."

"सुटंल," मी म्हणाले.

"कशी सुटंल? मी ओढून काढली तर उलटी होईस्तोवर रडतो. ड्यूटीवरून येते, पायात जीव नसतो, मग मीच देते परत. सासूबाई काय म्हणतात सांगू? म्हणतात, आईला टाईम न्हाई म्हणून पोराला बूच लावलंय."

मला हसू आलं.

"हसू नकोस. पाहुण्या-रावळ्यांसमोर म्हणतात. मला तिथंच रडायला येतं."

मग मी हसले नाही. तिनं जाताना त्याचा मुका घेतला, तोही चुसणीच्या चकतीवरच पडला. दारात चपला घालताना म्हणाली, "ज्या दिवशी सुटंल त्या दिवशी फोन कर. मी लगेच न्यायला येते. शाळेच्या आधी त्याला तिकडं रुळायला पाहिजे."

म्हणजे चुसणी सुटली की बाळ जाणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पहिले दिवस आमचे फार चांगले गेले. मी परातीत भाकरी थापायची आणि तो समोर पाट घेऊन बसायचा. माझं थप थप आणि त्याचं चुक चुक. त्यानं पाण्याकडं बोट केलं की मी पाणी द्यायची, डब्याकडं बोट केलं की गूळ द्यायची. भाकरी फुगली की तो माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं. दोघांनाही बोलायची गरज पडत नव्हती. मला वाटलं, हे लेकरू माझ्यावर गेलंय. त्या घरात त्याला कुणी ओळखलं नाही, मी ओळखलं. बरेच दिवस मी असंच समजून चालले होते.

पण लेकीचा रोज फोन यायचा, आणि पहिलाच सवाल, "सुटली का?"

आमच्याकडं, बिलोलीच्या बाजूला, अंगावरचं दूध तोडताना बाया कडुलिंबाचा पाला वाटून लावतात. माझ्या आईनं आम्हा भावंडांना असंच तोडलं, मी लेकीला असंच तोडलं. दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती. विहाराच्या कोपऱ्यावर लिंबाचं झाड आहे. कोवळा पाला आणला, खलबत्त्यात ठेचला, आणि चुसणीला चांगला चोपडून त्याला दिली.

त्यानं तोंडात घातली. डोळे बारीक केले. सगळं अंग शहारलं. चुसणी काढून फेकली. मी मनात म्हटलं, झालं. तो थोडा वेळ चुसणीकडं बघत बसला. मग उठला, उचलली, आणि परत तोंडात घातली. तोंड वाकडं करत करत सगळा कडूपणा चोखून टाकला.

दुसऱ्या दिवशी परत लावलं, तिसऱ्या दिवशी परत. मग एक दिवस तो स्वतःच चुसणी घेऊन खलबत्त्यापाशी जाऊन उभा राहिला आणि बोट दाखवायला लागला. लिंब लाव म्हणून.

शेजारीण दारातून बघत होती. तिची जीभ मोठी तिखट, पण मनानं वाईट नाही. ती म्हणाली, "वैनी, नातवाला आत्तापासूनच शुगरचं औषध चालू केलं काय?"

मी खलबत्ता धुऊन ठेवला.

त्यावर मी पुष्कळ विचार केला. अंगावरचं तोडताना कडू लावलं की लेकरू दूर होतं ते कडूपणाला भिऊन नाही. रोजची आई आज वेगळीच कशी लागते, याला ते भितं. आणि रडलं तर उचलून घ्यायला तीच आई असते. रबराला कसली माया नि कसला राग? कडू लागलं तरी ते त्याचंच होतं. त्याची आई ड्यूटीवर जायची, बाप गाडीवर जायचा, आजी दवाखान्यात गेली, चुसणी तेवढी कुठं गेली नव्हती.

शेजारणीनंच दुसरी युक्ती सांगितली. "लपवून ठेवा आन सांगा, माकडानं नेली. आमच्या धाकट्याची बाटली अशीच सोडवली मी."

मी चुसणी कपाटावर टाकली. माकडाचं सांगायला काही मला जमलं नाही. दोन शब्दांचं खोटं, पण तोंडातून निघेना. त्यानं शोधायला सुरुवात केली. अंथरूण उलटं केलं, हंड्यामागं बघितलं, पिठाच्या डब्यात हात घातला, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. रडत नव्हता. सगळं घर शोधून झाल्यावर माझ्यापाशी आला, माझ्या मांडीवर चढला, आणि पीठ लागलेल्या बोटानं माझा ओठ वर उचलून माझ्या तोंडात बघितलं.

मी उठून चुसणी काढून दिली.

त्या दिवशी फोनवर लेकीला कडुलिंबाचं सांगितलं. ती नर्स, चिडलीच. "माय, झाडावरचा पाला तसाच? धुतलास तरी का? त्याला जुलाब लागले असते म्हणजे?" मग आवाज खाली करून म्हणाली, "इकडं परत विषय निघाला होता आज. नणंद आली होती. तिचं पोरगं याच्यापेक्षा लहान आहे, त्याला गाणी येतात. सगळ्यांसमोर म्हणून दाखवली." एवढं बोलून ती गप्प झाली. मीही गप्प. फोनवर आम्हा मायलेकींचं असंच होतं, दोन्हीकडून नुसतं ऐकत राहतो.

आमच्या गल्लीत एक भांडेवाली येते. जुन्या कपड्यांवर भांडी देते ती. नायगावकडची, माझ्यापेक्षा थोडी मोठी, डोक्यावर मोठं टोपलं, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. मी तिच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. माझ्या साड्या नेसून नेसून पोतेऱ्याच्याच कामाच्या होतात, आणि मालकांचे कपडे ट्रंकेत आहेत ते मला द्यायचे नाहीत.

संक्रांत होऊन गेली होती. भांडेवाली शेजारणीच्या दारात टोपलं उतरवून बसली होती. बाळ पळत गेला आणि टोपल्यातली एक लहान स्टीलची बादली उचलली. दूध आणायला नेतात तेवढी, कडी असलेली. कडी वर केली, सोडली, खण्ण वाजली. परत वर केली, परत सोडली. मी हात धरून ओढलं तर बादली पोटाशी धरून खाली बसला.

"काढा अक्का जुने कपडे," भांडेवाली मला म्हणाली.

मी मान हलवली, नाहीत म्हणून.

"घर हाय तिथं जुनं हायच की वो."

तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं, आणि परत कपड्यांचा विषय काढला नाही. मग ती बाळाकडं वळली.

"काय सवदागर? बादली फुकट न्हाई मिळत. आधी टोपल्यात काहीतरी टाक."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. पायातली एक चप्पल काढून टोपल्यात ठेवली.

"एक चप्पल? आन दुसऱ्या पायानं लंगडी खेळू का?"

शेजारीण हसायला लागली. बाळानं चप्पल परत घेतली, घरात पळाला, आणि परातीतला भाकरीचा तुकडा आणून दिला. भांडेवालीनं तो तिथंच खाऊन टाकला.

"ग्वाड हाय. पण ही तर पोटात गेली, सवदा न्हाई झाला." मग तिनं त्याच्या तोंडाकडं बोट केलं. "हे काय हाय? हे दे. हे दिलं तर बादली तुझी."

बाळ उभा राहिला. एक हात बादलीच्या कडीवर. शेजारीण हसायची थांबली. मला वाटलं, आता रडणार. मी पुढं झाले, पण भांडेवालीनं हात आडवा केला, थांबा म्हणून. मग त्यानं स्वतःच्या हातानं चुसणी तोंडातून काढली, ओली होती म्हणून आपल्या शर्टाला पुसली, आणि टोपल्यात एका वाटीत ठेवली.

तिनं ती उचलून कमरेच्या पिशवीत खोवली. "सवदा झाला. आता बादली तुझी, हे माझं."

तो बादली वाजवत घरात गेला. ती माझ्याकडं सरकली आणि हळू आवाजात विचारलं, "घरात आणखी हायत का?"

मी हो म्हटलं.

"त्याबी द्या. न्हाईतर सवदा खोटा पडंल. लेकराला खोटं लगेच कळतं."

मी डबा आणायला आत गेले आणि कपाटापाशी थांबले. सगळ्याच दिल्या आणि दुपारी त्यानं श्वास कोंडून घेतला तर काय करू? मालक असते तर विचारलं असतं. शेवटी डबा पदराखाली घालून आणला आणि गाठोड्यात सरकवला.

"आन अक्का," ती म्हणाली, "बादलीचे पैसे द्यावे लागतील. रबरावर माझं पोट भरत न्हाई."

मी तिला खरं सांगितलं की खानावळीचा हिशोब महिन्याला होतो, आत्ता घरात एवढे नाहीत.

"थोडे थोडे द्या. मी येतच राहते गल्लीत."

त्या दुपारी त्याला झोप आली, तसा हात तोंडाकडं गेला, आणि तोंडात काही नाही. आधी त्यानं बादलीत बघितलं. मग दारात जाऊन रस्त्याकडं बघितलं. मग जो आवाज त्यानं काढला तो मी विसरणार नाही. उचलून घेतलं तर अंग ताठ करायचा, खाली ठेवलं तर पाय धरायचा. गूळ दिला, थुंकला. भाकरीचा पापुद्रा दिला, फेकला. बादली भिंतीवर आपटली, तिला एक खळगा पडला तो अजून आहे.

देण्यासारखं घरात काही राहिलं नव्हतं. मग मी बोलायला लागले.

काय बोलले? काहीही. म्हटलं, हे बघ पीठ, ही ज्वारी, हिला शाळू म्हणतात. हा तवा, हा तुझ्या आजोबांनी आणला, बाजारातून चालत आणला, बसला पैसे होते तरी चालत आणला, कारण असा तवा घेऊन बसमध्ये लाज वाटते म्हणाले. आमच्या गावात तळं होतं, त्यात म्हशी बसायच्या, नुसती शिंगं वर. एका म्हशीवर बगळा बसायचा, रोज तोच बगळा. तुझी आई लहान होती तेव्हा मातीचं ढेकूळ खायची, मी मारलं तर म्हणायची, मी खाल्लंच न्हाई, आणि दात सगळे लाल. मी बोलत होते आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. घसा दुखायला लागला. त्याचं रडणं हळूहळू हुंदक्यावर आलं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, जसा बादलीच्या कडीकडं बघत होता तसा.

मी थांबले, तर त्यानं हात वर करून माझ्या हनुवटीला टप टप केलं. म्हणजे बोल.

मग रोज दुपारी तेच. मी बोलायची, तो हनुवटी धरून पडायचा. झोप लागली असं वाटून मी थांबायची, की बोट टप टप. मला सांगायचं सगळं संपलं. मग मी मालकांशी भांडण झालं होतं तेही सांगितलं, गावातल्या एका बाईनं मला नावं ठेवली होती तेही सांगितलं. लग्न झाल्यापासून मी एवढं कुणाशीच बोलले नव्हते. एका दुपारी शेजारीण डोकावली.

"वैनी, पाहुणं कोण आलंय? कोण एवढं बोलून राहिलं म्हणून बघायला आले."

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "मीच हाय."

त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही.

आता मला वाटतं, तो बोलत नव्हता त्याला चुसणी एक कारण होती आणि रिकामं घर दुसरं. लातूरला टीव्ही बोलायचा. माझ्याकडं आल्यावर तेही नाही. मी समजत होते आमचं जुळलं, आणि लेकरू आपलं वाट बघत होतं की कुणी बोलावं.

भांडेवाली परत आली. तिची हाक ऐकली तसा बाळ उठला, बादली घेतली, उंबरा ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. दोन्ही हातांनी बादली पुढं केली.

"घे," तो म्हणाला. "निनी दे."

मी दारात होते. हातातलं पीठ तसंच. त्याच्या तोंडून एवढं सगळं एकदम मी पहिल्यांदा ऐकत होते. तो बोलला आणि बोलला ते हे.

भांडेवालीनं माझ्याकडं बघितलं. तिचा हात कमरेच्या पिशवीवर होता. तेव्हा मला कळलं की तिनं चुसणी टाकली नव्हती, लेकराची वस्तू म्हणून जवळ ठेवली होती. ती माझी वाट बघत होती. मी हो म्हणून मान हलवली असती तर तिनं काढून दिली असती. त्यानं तोंडात घातली असती, गप्प झाला असता, आणि जूनपर्यंत माझ्याजवळ राहिला असता. जून झाला तरी राहिला असता कदाचित. लेकीचा चेहरा डोळ्यासमोर आला, नणंदेचं पोरगं गाणी म्हणतंय आणि ही भिंतीला लागून उभी. मग मी नाही म्हणून मान हलवली.

"सवदा फिरत न्हाई बाबा," भांडेवाली त्याला म्हणाली. लहान पोराशी बोलतात तसं नाही, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं. "मी माझ्या मायलाबी फिरवून देत न्हाई. बादली नको असंल तर ठेव टोपल्यात. पण निनी न्हाई मिळायची. दोन्ही जातील."

त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं नाही, एवढं मला जमलं. मग त्यानं बादली ओढून पोटाशी धरली.

"माझी हाय," तो म्हणाला.

"तुझीच हाय रं राजा. कोण न्हाई म्हणतंय?"

तिथून शब्द यायला लागले. पानी दे. भाकल दे. म्हैस कुठं. आजोबा कुठं. आणि सगळ्यात जास्त वेळा, आजी बोल.

त्या दिवशी मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला. लेकीनं व्हिडिओ लावला. पांढऱ्या कपड्यांत होती, मागं दवाखान्याची भिंत. बाळानं बादली फोनला लावून धरली, त्यामुळं तिला नुसतं स्टील दिसत होतं.

"माय, बादली," तो म्हणाला. "माझी हाय. म्हैस न्हाई त्याच्यात."

तिनं हात तोंडावर ठेवला होता आणि खांदे हलत होते. मागून कुणीतरी विचारलं, "सिस्टर, काय झालं?" ती म्हणाली, "काही न्हाई, माझं पोरगं बोललं." मग मला विचारलं, "कसं केलंस गं?"

"भांडेवालीनं केलं," मी म्हणाले.

रविवारी ती आली. विहीणबाई काठी घेऊन चालायला लागल्या होत्या, दुपारची एक मुलगी कामाला ठेवली होती. लेकीनं माझे दोन्ही हात हातात घेतले, म्हणाली, "तू पण चल लातूरला. चार दिवस तरी." मी म्हटलं, खानावळीचं कोण बघणार. तिच्या घरी पाहुण्या-रावळ्यांचं येणं-जाणं फार. तिथं मला बोलता येणार नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

बसस्टँडवर मी खिडकीखाली उभी होते. तो आईच्या मांडीवर, बादली मांडीवर. कंडक्टरनं गमतीनं बादलीला हात लावला तर खिडकीतून मला ऐकू आलं, "माझी हाय." बस हलली तेव्हा त्यानं मला हात केला नाही, कारण दोन्ही हात कडीवर होते. हनुवटीला टप टप करायला त्याला कुणी मिळेल का, हे लेकीला सांगायचं राहून गेलं. मग फोनवरही सांगितलं नाही. असं काही सांगायला शब्द सापडत नाहीत.

घरी आले. भाकऱ्या करायला बसले. समोर पाट तसाच. थापता थापता मी बोलून राहिले होते हे मला बऱ्याच वेळानं कळलं. कळल्यावर थांबले. पुढचे काही दिवस मध्येच असं व्हायचं, मग तेही बंद झालं. फोनवर तो येतो. "आजी, साळा हाय," म्हणतो, आणि मी काही म्हणायच्या आत पळतो. लेक म्हणते, "आता किती बोलतो विचारू नकोस, डोकं उठवतो." हे ऐकून मला बरं वाटतं. त्याला शाळेत घेतलं, पहिल्या दिवशी न रडता बसला म्हणे. नणंदेच्या पोरापेक्षा जास्त बडबड करतो म्हणून आता विहीणबाईच चारचौघांत सांगतात.

भांडेवाली बादलीच्या पैशासाठी येत राहिली. पहिल्या वेळी टोपलं उतरवताच विचारलं, "सवदागर कुठाय?"

"गेला लातूरला."

"निनी परत मागितली का?"

"न्हाई."

ती उंबऱ्यावर बसली. मी चहा ठेवला. तो बसमध्ये काय म्हणाला ते तिला सांगितलं. ती हसली, मग मी म्हशीचं सांगितलं. आधी कधी कुणाला उंबऱ्यावर बसवून मी चहा पाजला नव्हता. त्या दिवशी खानावळीचा हिशोब झाला होता, सगळे पैसे डब्यात होते. मी तिला थोडेच दिले. तिनं घेतले आणि काही म्हणाली नाही.

पुढच्या वेळीही मी थोडेच दिले. तिनं विचारलं, "आता काय म्हणतंय पोरगं?" मी फोनवर ऐकलेलं सगळं साठवून ठेवायची, तिला एकेक सांगायची. तीही सांगायची. तिचा एक लेक उमरीला दुकानात कामाला, सून बरी आहे, पण सासूला टोपलं घेऊन फिरताना बघून लाजते. शेजारीण भिंतीवरून म्हणायची, "वैनी, बादलीचे हप्ते अजून चालूच? सोन्याची होती काय?" भांडेवाली इकडून म्हणायची, "तुम्हाला काय करायचं, आमचा सवदा हाय."

पाऊस लागला तेव्हा ती एक दिवस आली, टोपलं अर्ध्याहून रिकामं. बसली, पण चहा ठेवू नका म्हणाली.

"अक्का, आज राहिलेले सगळे देऊन टाका. आता मी या गल्लीत यायची न्हाई. मानेत चमक भरते, टोपलं होत न्हाई. लेकाकडं चालले उमरीला, तिथंच राहते."

"सगळे?" मी विचारलं.

"हाव. मागं देणं-घेणं ठेवून जाऊ नये."

मी आत गेले. डबा उघडला. पैसे होते, कधीचे होते. बाहेर येऊन तिच्या हातात दिले. तिनं मोजले नाहीत, कपाळाला लावले आणि कमरेच्या पिशवीत घातले. मी तिला चार भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या, वाटेत खायला. टोपलं डोक्यावर चढवायला हात दिला. ती गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत मी दारात उभी राहिले, मग आत येऊन रिकामा डबा पुसून फळीवर ठेवला. बादलीचे पैसे फिटले.